घटिकापात्रापासून मनगटापर्यंत

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या ईशान्येस, काही मैलांच्या अंतरावर, तिरुविडैमरुदूर हे गाव आहे. संस्कृत परंपरेत त्याला मध्यार्जुन असे म्हणतात. उत्तरेस श्रीशैलचा मल्लिकार्जुन आणि दक्षिणेस तिरुनेल्वेलीकडचा पुटार्जुन, या दोहोंच्या मधले ते हे अर्जुनवृक्षाचे क्षेत्र. महालिंगस्वामींच्या भव्य मंदिरामुळे ते तमिळ भाविकांना परिचित आहे. मराठी वाचकाला मात्र त्याची ओळख आणखी एका कारणाने असावयास हवी. १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झालेला भोसलेकुलोत्पन्न राजा अमरसिंह आपल्या परिवारासह येथे येऊन राहिला. तंजावरला सरफोजी दुसरा गादीवर बसला, १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, आणि तिरुविडैमरुदूरच्या वाड्यात एक छोटासा, सत्ताहीन मराठी दरबार नांदू लागला. १८०२ मध्ये अमरसिंह वारला; पण गवयांना आणि विद्वानांना आश्रय देण्याची त्या घराण्याची परंपरा पुढेही काही काळ टिकली.

अशा गावात काळ कसा मोजला जात असेल, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु देवळातील पूजा, वाड्यातील शिरस्ता आणि लग्नाचा मुहूर्त या तिन्हींना वेळेवाचून चालत नाही. या बाबतीत मराठी आणि तमिळ या दोन भाषांची परंपरा एकच आहे. मराठीत जी घटिका, तीच तमिळमध्ये नाळिगै. दोन्ही चोवीस मिनिटांच्या. दिवस-रात्रीच्या अशा साठ. ती मोजण्याचे साधनही दोन्हीकडे एकाच जातीचे : तळाला बारीक छिद्र असलेली धातूची वाटी पाण्याने भरलेल्या पात्रात सोडावयाची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. महाराष्ट्रातील लग्नघरांत मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी हे घटिकापात्र मांडण्याचा प्रघात अगदी अलीकडपर्यंत होता. आजही ‘घटकाभर बसा’ असे आग्रहाने सांगणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी, नकळत, ती बुडणारी वाटीच असते. ‘घड्याळ’ या शब्दाचे नातेही त्याच घटीशी आहे.

या साध्या साधनाकडे तीन कसोट्या लावून पाहण्यासारखे आहे. ते स्वस्त होते, कारण तांबटाला ती वाटी सहज घडविता येई. ते टिकाऊ होते, कारण त्यात झिजण्यासारखे काही नव्हते. छिद्रात गाळ साचला तर काडीने साफ करता येई. आणि ते पुरेसे विश्वासार्हही होते, मात्र एका अटीवर : वाटी बुडाली की ती उचलून पुन्हा पाण्यावर ठेवणारा माणूस जागा असला पाहिजे. किंमत, टिकाऊपणा आणि अचूकपणा या तीन गोष्टी एकत्र मिळवावयाच्या तर त्यांची भरपाई कुठेतरी माणसाच्या श्रमाने किंवा कौशल्याने करावी लागते. पुढील दोनशे वर्षांत घड्याळाचे रूप पार पालटले. ही भरपाई कोण करतो, एवढाच प्रश्न निरनिराळ्या वेशांत पुन्हा पुन्हा पुढे आला.

यंत्राचे घड्याळ हिंदुस्थानात प्रथम आले ते गरजेची वस्तू म्हणून नव्हे. युरोपीय व्यापारी आणि वकील दरबारांना जे नजराणे देत, त्यांत दुर्बिणी, आरसे आणि घड्याळे असत. अशा घड्याळाचे मोल त्याच्या अचूकपणावर क्वचितच ठरे; कारागिरी, मुलामा आणि दुर्मिळता यांवर ते ठरे. त्याला किल्ली देणारा नेमावा लागे, आणि बिघडले तर ते दुरुस्त करणारा मनुष्य मद्रास किंवा मुंबई यांसारख्या बंदराच्या शहरीच मिळे. तो न मिळाल्यास राजवाड्यातील घड्याळ शोभेची वस्तू होऊन बसे. मूल्यवान वस्तू ही टिकाऊ असतेच असे नाही, हा धडा घड्याळाच्या भारतीय इतिहासात असा आरंभीच मिळतो.

सामान्य माणसाला मिनिटांची गरज लावली ती रेल्वेने आणि कचेरीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या खोऱ्यात लोहमार्ग आले. गाडी काही घटिकेच्या हिशेबाने सुटत नसे, आणि ती गावच्या सूर्यानेही चालत नसे. हिंदुस्थानातील रेल्वेगाड्या त्या काळी मद्रास वेधशाळेच्या वेळेवर धावत. तिरुविडैमरुदूरचा मध्यान्ह मद्रासच्या मध्यान्हानंतर सुमारे तीन मिनिटांनी होतो. तेवढ्या फरकाने फारसे बिघडत नसे. पण मुंबईचा मध्यान्ह तिरुविडैमरुदूरच्या मागून सुमारे साडेसव्वीस मिनिटांनी येतो. म्हणजे तंजावरी मराठ्यांची नवी भूमी आणि मराठी मुलखाचा किनारा यांच्यात सूर्याच्या हिशेबाने एका घटिकेहून थोडे अधिक अंतर आहे. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मुंबईने मात्र तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आज तिरुविडैमरुदूरात घड्याळात बारा वाजतात, तेव्हा तेथील सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीने बारा मिनिटे अवकाश असतो. सूर्य आणि कचेरी यांच्यातील हे अंतर जाणून घेण्यासाठीच खिशात घड्याळ हवे झाले.

कुंभकोणमला १८५४ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय, न्यायालये आणि महसुली कचेऱ्या यांमुळे वेळेवर पोचण्याची शिस्त पाळावी लागणारा एक नवा वर्ग या भागात निर्माण झाला. त्यात तंजावरी मराठी घराणीही होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले राजा सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. दिवाणापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाच्या अंगरख्यात साखळीचे घड्याळ असावे, ही त्या काळची प्रतिष्ठा होती. पण दिवाणाला परवडणारे घड्याळ कारकुनाला परवडत नसे. ही घड्याळे येत ती बहुतांशी स्वित्झर्लंडहून. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीने १८६५ मध्ये मुंबईत आपले बस्तान बसविले, आणि १८८६ पासून वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव मुंबईच्या बाजारात रुजले. उष्मा, धूळ आणि घाम यांना तोंड देईल असे घड्याळ येथील गिऱ्हाईक मागते, हे या पेढ्यांनी लवकर ओळखले होते.

स्वस्त घड्याळाचा खरा शोध मात्र युरोपातील गरिबांसाठी लागला. ल शो-द-फों या स्विस गावी काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ याने १८६७ च्या सुमारास मजुरासाठी घड्याळ तयार केले. त्याचे नावच त्याने ‘श्रमिकाचे घड्याळ’ या अर्थाचे ठेवले. किंमत वीस फ्रँक. त्या काळच्या चांगल्या घड्याळात दीडशेहून अधिक भाग असत. रॉस्कॉफने ते सत्तावन्नवर आणले. माणकांच्या जागी त्याने धातूच्या साध्या खुंट्या बसविल्या, नक्षीकाम टाळले, वेष्टन साधे ठेवले. प्रतिष्ठित घड्याळजींनी नाके मुरडली, पण पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. स्वस्ताई आणण्याचे दोन मार्ग असतात : निकृष्ट माल वापरणे किंवा अनावश्यक ते वगळणे. रॉस्कॉफने दुसरा मार्ग धरला. त्याचे अनुकरण करणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिला धरला, आणि म्हणून पुढे ‘रॉस्कॉफ’ हे नाव बाजारात हलक्या घड्याळाचे दुसरे नाव होऊन बसले.

खिशातून घड्याळ मनगटावर आले ते मुख्यतः पहिल्या महायुद्धात. त्यापूर्वी मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा दागिना मानला जाई. खंदकातील शिपायाला खिशात हात घालण्यास सवड नव्हती. परंतु मनगट ही घड्याळासाठी फारशी सुरक्षित जागा नव्हे. तेथे दिवसभर हिसके बसतात, घाम मुरतो, पाणी उडते. यंत्रातील बॅलन्स व्हील नावाचे चाक केसाइतक्या बारीक स्प्रिंगच्या आधारे मागे-पुढे झुलत असते. त्याच्या आसाची टोके इतकी नाजूक असतात की एका पडण्याने मोडावीत. म्हणून ती कृत्रिम माणकांत बसविली जातात, आणि चांगल्या घड्याळांत त्या माणकांनाही धक्का झेलणारी छोटी स्प्रिंग दिली जाते. तबकडीवर ‘सतरा माणके’ असे लिहिलेले असे, त्याचा अर्थ एवढाच की झीज होणाऱ्या महत्त्वाच्या जागी धातूवर धातू घासत नाही. सतराहून अधिक माणके दाखवून भाव वाढविणे हा अनेकदा केवळ व्यापार असे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. परिणाम असा झाला, की परदेशी घड्याळ हे चोरट्या व्यापाराचे लाडके लेणे ठरले : आकाराने लहान, मोलाने मोठे. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या चोरट्या मालात सोन्याच्या खालोखाल घड्याळांचा बोलबाला होता. ज्याला हमी हवी त्याला ती मिळत नसे, आणि ज्याला घड्याळ मिळे त्याला पावती मिळत नसे. या पार्श्वभूमीवर १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. १९५३ साली यंत्रे बनविणारी यंत्रे तयार करण्यासाठी उभारलेल्या या संस्थेने घड्याळाला हात घालावा, यात विसंगती नव्हती. हजारांश मिलिमीटरच्या मापात काम करण्याची सवय देशाला लागावी, हाही त्यामागील एक हेतू होता.

त्या कारखान्याच्या घड्याळांत जे सर्वांत साधे होते त्याचे नाव ‘जनता’. हाताने किल्ली द्यावयाची, सतरा माणके, पांढरी तबकडी, ठसठशीत आकडे; तारीख नाही, वार नाही. त्याचा ठोका सेकंदाला पाच. दिवसाकाठी अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर कोणी तक्रार करीत नसे. सकाळी रेडिओवरच्या वेळेशी काटा जुळवून किल्ली देणे हा स्नानासंध्येसारखा नित्याचा विधी होता. एके काळी या घड्याळासाठी क्रमांक लावून थांबावे लागे. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, सेवानिवृत्तीच्या दिवशी कर्मचाऱ्याला तेच दिले जाई. कावेरीकाठच्या कारकुनाच्या मनगटावर आणि कोकणातल्या शिक्षकाच्या मनगटावर एकाच तबकडीवर एकच वेळ दिसू लागली, तीही मुंबईची वेळ जाऊन राष्ट्राची वेळ सर्वत्र स्थिर झाल्यानंतर थोड्याच वर्षांत.

‘जनता’ घड्याळ वीस-तीस वर्षे चालले, असे सांगणारी घरे आजही सापडतात. या टिकाऊपणाचे श्रेय केवळ पोलादाला देणे बरोबर ठरणार नाही. ते घड्याळ देशभर इतक्या मोठ्या संख्येने विकले गेले होते, की त्याचे प्रत्येक चाक, प्रत्येक आस आणि प्रत्येक स्प्रिंग तालुक्याच्या गावीही मिळत असे. बाजारपेठेच्या तोंडाशी, काचेच्या लहानशा पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी ते डोळे मिटूनही खोलू शकेल इतके त्याच्या ओळखीचे झाले होते. तीन-चार वर्षांनी यंत्र खोलून धुवावयाचे, नवे तेल द्यावयाचे, काच बदलावयाची. घड्याळ पुन्हा चालू. टिकाऊपणा हा घड्याळाचा एकट्याचा गुण नव्हता. घड्याळ, सुटा भाग आणि जाणता कारागीर या तिघांच्या संबंधात तो वसत होता. घटिकापात्राची वाटी उचलून ठेवणारा माणूस या व्यवस्थेत घड्याळजीच्या रूपाने परत आला होता.

ही व्यवस्था ज्याने मोडली तो शोध तोपर्यंत जगात आलाही होता. १९६९ च्या २५ डिसेंबरला जपानच्या सायको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळी तिथल्या एका छोट्या मोटारीइतकी. पण तत्त्व सोपे होते : विजेच्या अल्प प्रवाहाने स्फटिक ठराविक गतीने कंप पावतो, आणि ती गती जवळजवळ बदलत नाही. पुढे रूढ झालेल्या घड्याळांत स्फटिकाची कंपने सेकंदाला ३२,७६८ असतात. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. तोच सेकंद काट्याचा एक ठोका. उत्तम यांत्रिक घड्याळ जेवढे एका दिवसात चुकते, तेवढे साधे क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याभरात चुकते. दहा-पंधरा वर्षांत त्याची किंमत इतकी उतरली की अचूकपणा ही श्रीमंतीची खूण उरली नाही. काळमापनाच्या इतिहासात अशी उलथापालथ क्वचितच झाली असेल.

भारतात या बदलाचा मोठा वाहक तमिळनाडूतच उभा राहिला. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरच्या सीमेलगत होसूरला तिचा कारखाना निघाला. झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली या कंपनीने आरंभापासून क्वार्ट्‌झवर भर दिला. तमिळनाडूतील शाळांतून नुकतीच बाहेर पडलेली मुलेमुली तेथे सूक्ष्म जुळणीचे काम शिकली. हिंदुस्थान मशीन टूल्सनेही क्वार्ट्‌झ घड्याळे काढली होती. परंतु तिचा डोलारा मुख्यत्वे किल्लीच्या घड्याळांवर उभा होता, आणि बंगळूर, श्रीनगर, तुमकूर, रानीबाग येथील कारखान्यांना नव्या बाजाराची चाल पकडता आली नाही. अखेर २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. यात एकाचा पराक्रम आणि दुसऱ्याचा नाकर्तेपणा एवढेच पाहणे अपुरे आहे. एका तंत्राने लोकांना घड्याळ दिले, दुसऱ्याने ते अचूक केले. आणि या संक्रमणात घड्याळजीच्या पेटीपुढील रांग हळूहळू ओसरली.

कारण क्वार्ट्‌झने ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थच बदलला. १९८३ मध्ये स्वित्झर्लंडहून स्वॉच हे घड्याळ आले. त्यात एकावन्न भाग होते, रॉस्कॉफच्या घड्याळाहूनही सहा कमी. पण रॉस्कॉफचे घड्याळ खोलता येई. हे मागून उघडतच नसे, केवळ सेल बदलण्याची सोय होती. बिघडले तर दुरुस्तीऐवजी नवे घेणेच शहाणपणाचे ठरे. पूर्वी टिकाऊ म्हणजे वारंवार बिघडूनही पुन्हा चालू होणारे. आता टिकाऊ म्हणजे बिघडेपर्यंत न बिघडणारे. दुसऱ्या प्रकारचे घड्याळ पहिल्याहून कमी काळ चालते असे मुळीच नाही. जपानी अंकदर्शक घड्याळे एकाच सेलवर सात-सात वर्षे चाललेली आढळतात. फरक आहे तो शेवटात. एकाचा शेवट कारागिराच्या हाती होता. दुसऱ्याचा आधीच ठरलेला असतो.

तिरुविडैमरुदूरसारख्या गावात आज घड्याळ निवडणाऱ्या माणसाने या इतिहासातून काय घ्यावे? त्याची गरज फार मोठी नाही. राहुकाल टाळावयाचा, मायिलाडुदुरैकडची गाडी गाठावयाची, शाळेची घंटा चुकवावयाची नाही. मिनिटाचा अचूकपणा त्याला पुरे, आणि तो अगदी स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळही देते. म्हणून अचूकपणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. पैसे मोजावयाचे ते इतर गोष्टींसाठी. कावेरीच्या खोऱ्यात हवा दमट असते. म्हणून वेष्टन पोलादी असावे, मागचे झाकण घट्ट बसणारे असावे, आणि सेल बदलताना आतील रबरी कडेही पाहून बदलून घ्यावे. झाकणावर ‘तीस मीटर’ असे कोरलेले असले तरी त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे सोसेल एवढाच. तलावात उडी मारण्याचा तो परवाना नव्हे. घामाने चामडी पट्टा लवकर कुजतो; पोलादी किंवा नायलॉनचा पट्टा अधिक पुरतो. संपलेला सेल घड्याळात महिनोन्‌महिने ठेवला तर तो पाझरून यंत्र खातो. स्वस्त घड्याळे वयाने मरण्यापेक्षा या हयगयीनेच अधिक मरतात.

ज्याला किल्लीच्या घड्याळाची ओढ आहे त्याच्यासाठी जुनी ‘जनता’ घड्याळे बाजारात पुन्हा फिरू लागली आहेत. त्यांत बऱ्याच तबकड्या नव्याने रंगविलेल्या आणि यंत्रे निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून सजविलेली असतात. चकचकीत रंगापेक्षा आतील यंत्राची स्वच्छता आणि ते चालविण्याची जबाबदारी घेणारा कारागीर पाहावा. सुटे भाग आता नवे बनत नाहीत. एका घड्याळाचा जीव दुसऱ्या मृत घड्याळातून काढावा लागतो. तरीही एखाद्या गावी हे काम जाणणारा माणूस असेल, तर तेथे असे घड्याळ घेणे ही केवळ स्मरणरंजनाची हौस ठरत नाही. त्या माणसाची विद्या आणखी काही वर्षे उपयोगात राहते.

घड्याळ विकत घेताना माणूस बहुधा किंमत, नाव आणि रूप पाहतो. इतिहास त्यात आणखी एक प्रश्न घालतो : हे बंद पडले तर ते कोणाकडे न्यावयाचे? घटिकापात्राला याचे उत्तर होते, ‘जनते’लाही होते. दरबारातील नजराण्याच्या घड्याळाला ते नव्हते, म्हणून त्याची किल्ली हरवली की ते कोनाड्यात पडून राहिले. आजच्या स्वस्त घड्याळांपैकी पुष्कळांना हेच प्राक्तन लाभते. फक्त कोनाड्याच्या जागी केराची पेटी आली आहे. सेल बदलता येणारे, झाकण उघडणारे आणि गावात कोणाला तरी दुरुस्त करता येईल असे घड्याळ चार पैसे अधिक देऊन घेतले, तर दहा वर्षांच्या हिशेबात तेच स्वस्त पडते.